देव्हाऱ्यातले शेअर

वामनराव टिपणीस गिरगावातल्या एखाद्या वाडीत शिरले, की नळावरच्या बायका हातातली कळशी खाली ठेवून एकमेकींना विचारायच्या, "कोण गेलं गं?"

विचारण्याजोगंच होतं. हा माणूस कोणाच्या लग्नाला दिसला नाही, बारशाला दिसला नाही. पण घरात कोणी वारलं, दिवसवार आटोपले, चौदाव्याचं गोड जेवण झालं, की दुसऱ्या दिवशी जिन्यावर यांची पावलं वाजलीच म्हणून समजा. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री आणि कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला छापील कागद. दारात चपला काढायच्या, मयताच्या तसबिरीला हात जोडायचे आणि घरातल्या कर्त्या माणसाला सांगायचं, "झालं ते वाईट झालं. आता नाव बदलून घ्या." पोरं त्यांना मागून चित्रगुप्त म्हणायची. ते टिपणीसांच्या कानावर होतं. म्हणायचे, "चित्रगुप्ताचं वर कोणीतरी ऐकून घेतं तरी. माझं कोण ऐकतंय?"

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होते. परळच्या एका मागल्या गल्लीत शाईचा कारखाना होता. त्याच्या ऑफिसात शेअर खातं म्हणून एक खोली, आणि त्या खोलीत आम्ही दोघं आणि एक लोखंडी कपाट. मी लालबागची. वडील त्याच कारखान्यात शाई घोटायला होते. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढत नाही म्हणून अख्खी चाळ माझ्यावर नाराज. असो, माझं पुराण लावायला मी बसलेले नाही.

कारखाना स्वदेशीच्या दिवसांतला. गिरगावातल्या एका डॉक्टरांनी दहा दहा रुपयांचे शेअर विकून तो उभा केला. हळदीकुंकवात विकले, गणपतीच्या मंडपात विकले. साहेबाच्या शाईने साहेबाला अर्ज लिहायचा नाही, असा तो जोर होता. लोकांनी पोटाला चिमटा काढून शेअर घेतले, आणि देशकार्य म्हणून घेतलेल्या वस्तूचं आपल्याकडे जे होतं तेच त्यांचं झालं. शेअरचं सर्टिफिकेट, हिरव्या वेलबुट्टीचं, खाली तांबडी मोहोर, घरोघर फ्रेम करून देव्हाऱ्यात गेलं. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलदैवताचा टाक आणि शाईची कंपनी. रोज गंध, दसऱ्याला झेंडू. पुढे डॉक्टर वारले, कारभार फोर्टातल्या एका एजंट पेढीकडे गेला, डिव्हिडंड आटत आटत नावापुरता उरला. देव्हाऱ्यातलं मात्र कोणी हलवलं नाही.

टिपणीसांचा सकाळचा पहिला उद्योग म्हणजे पेपरातल्या निधनवार्ता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. पहिल्या पानावर लाठीमार, सत्याग्रह, अटका, आणि सगळी मुंबई ते पान आधी वाचायची. हे गृहस्थ मागून सुरुवात करायचे. तांबड्या पेन्सिलीने एकेका नावाखाली रेघ मारायची, मग कपाटातून भागधारकांचं जाडजूड रजिस्टर काढून त्यात ते नाव शोधायचं. सापडलं की सुस्कारा टाकून माझ्याकडे वळायचं. "परबबाई, ठाकुरद्वारचे आपटे गेले. आता यांचंही नाव तसंच राहणार." सकाळी सकाळी हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, डबा उघडायच्या आधी मेलेली माणसं काढत जाऊ नका." तर म्हणाले, "मी कुठे काढतो? ती रजिस्टरातून निघत नाहीत, हेच तर दुखणं आहे."

इंग्रजी शब्दांची त्यांना भारी हौस, आणि ते दुसऱ्याला समजावून देण्याची त्याहून. वकिलीच्या परीक्षेत एका विषयात गचकले होते. ते कोणाला कळू द्यायचे नाहीत, पण कंपनी कायद्यावर बोलायला लागले की आवाज कोर्टातला व्हायचा. दुपारच्या सुट्टीत शाई घोटणारे, बाटल्या भरणारे, लेबलं चिकटवणाऱ्या बायका पत्र्याच्या शेडखाली जेवायला बसत. हात कितीही घासले तरी सगळ्यांची नखं निळीच. एका वर्षी बोनसाच्या जागी कंपनीने त्यांच्या गळ्यात दोन-दोन, चार-चार शेअर बांधले होते, तेव्हा तेही भागधारकच. टिपणीस आपला डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसायचे आणि बोंबलाचा काटा काढता काढता शिकवणी सुरू व्हायची.

"प्रेफरन्स शेअर म्हणजे पहिली पंगत. आधी वाढणार, पण मोजून. आणि जेवताना बोलायचं नाही. ऑर्डिनरी म्हणजे शेवटची पंगत. उरलं तर हवं तेवढं, नाही उरलं तर ताकभात. पण स्वयंपाक काय करायचा ते ठरवणार शेवटच्या पंगतीवाले."

"आणि लिमिटेड?" कोणीतरी विचारायचं.

"कंपनी बुडाली तर तुम्ही घातलं तेवढंच बुडालं. तुमच्या घरातला हंडा कोणी उचलून नेणार नाही."

"डिबेंचर?"

"तो जावई. घरचा नव्हे, पण त्याचं आधी द्यावं लागतं."

यावर माझ्या वडिलांनी गंभीरपणे मान हलवली. "ह्यां बाकी खरां."

एकदा एक रिटायर्ड पोस्टमास्तर कारखान्यात आले आणि सरळ शाईच्या बाटल्या पिशवीत भरायला लागले. दरवानाने हटकलं तर म्हणाले, मी मालक आहे, सर्टिफिकेट आहे घरी. टिपणीसांना खाली बोलावलं.

"मास्तर, मालक तुम्ही नव्हे. मालक कंपनी."

"मग तिला बोलवा. मी तिच्याशी बोलतो."

"ती दिसत नाही. कायद्याने ती एक माणूस आहे. जन्मते, जगते, कोणी मारली तर मरतेसुद्धा. तुम्ही वाडीच्या गणपतीला वर्गणी देता ना? म्हणून विसर्जनाआधी गणपतीचा एक हात घरी नेता का?"

मास्तरांनी निमूटपणे बाटल्या परत ठेवल्या. टिपणीसांनी स्वतःच्या पदरचे पैसे भरून एक बाटली त्यांच्या हातात दिली, गेटपर्यंत पोचवलं, आणि जिना चढताना मला म्हणाले, "शेअर अजून याच्या बापाच्या नावावर आहेत. बाप प्लेगात गेला. आणि हा म्हणे मालक."

सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. कंपनीच्या सभेत मत कोणाला, तर ज्याचं नाव रजिस्टरात आहे त्याला. सर्टिफिकेट ज्याच्या देव्हाऱ्यात आहे त्याला नव्हे. माणूस वारला, की वारसांनी ते सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला आणि भावाबहिणींच्या सह्या ऑफिसात आणून द्यायच्या, मग टिपणीस आपल्या वळणदार अक्षरात नवं नाव चढवणार. याला त्यांच्या इंग्रजीत ट्रान्समिशन म्हणत. काम एवढंसं. पण देव्हाऱ्यातून बापाचं नाव काढून न्यायचं आणि त्यावर आडवी रेघ मारून आणायची, हे प्रत्येकाच्या जिवावर यायचं. बापाच्या नावाने शेअर राहिले तर बाप राहिला, असं काहीतरी लोकांच्या मनात होतं. बोलून कोणी दाखवत नसे.

फणसवाडीत दोन भाऊ होते, एकमेकांचं तोंड न बघणारे. टिपणीसांनी धाकट्याला विचारलं, थोरल्याचं नाव लावू? मुळीच नाही. मग तुमचं लावू? दादा सही देणार नाही. मग करू काय? धाकटा म्हणाला, "नानांचंच राहू द्या. नानांबद्दल आमचं भांडण नाही." ऑफिसात येऊन हे सांगताना टिपणीस हसले नाहीत. "मेल्यावर माणूस सगळ्यांना चालतो, परबबाई. जिवंतपणी दोघंही त्याला जेवायला घालत नव्हते."

रजिस्टरात मयतांच्या नावाशेजारी ते पेन्सिलीने बारीक फुली करून ठेवायचे. एकदा त्यांनी ते माझ्यापुढे उघडून धरलं. पानंच्या पानं फुल्या. "हे आपलं चंदनवाडीचं स्मशान," म्हणाले. "हे सगळे अजून भागधारक. सभेची नोटीस यांना जाते, तुम्हीच टाइप करता. मेलेला माणूस हात वर करत नाही, हे माझ्याआधी एजंटांना ठाऊक आहे." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मेलेल्यांची भीती वाटते ती अंधारात, दुपारी ऑफिसात नाही, असं मी समजत होते.

त्या चैत्रात त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले. बायको आंब्याची डाळ आणि पन्हं देत होती. आतल्या खोलीत त्यांच्या मातोश्री, माई, देव्हाऱ्याला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. मी देवाला नमस्कार करायला वाकले आणि समोरच्या फ्रेमवरचं नाव वाचलं. गणेश बाळकृष्ण टिपणीस. वामनरावांचे वडील. डॉक्टरांचे जिवलग मित्र, त्यामुळे गिरगावातल्या लोकांत सगळ्यांत जास्त शेअर त्यांचे. त्यांना जाऊन वीसेक वर्षं झालेली. मी दाराकडे पाहिलं. टिपणीस तिथेच उभे होते. ते लगेच बाहेर गेले.

माईंनी ओळखलं. "वाचलंस का? हा साऱ्या गावाला सांगत फिरतो. मलाही एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, कपाळावरचं पुसलं ते पुसलं, आता हे नावही पुसतोस? तेव्हापासून या घरात त्याने तो विषय काढला नाही."

मला त्या दोघांचाही राग आला नाही.

पावसाळ्यात कारखान्यात नको त्या गोष्टी व्हायला लागल्या. रंगाची पिंपं येईनाशी झाली. दोन अनोळखी माणसं टेप घेऊन आवाराची लांबीरुंदी मोजून गेली, कोणाशी अवाक्षर न बोलता. मग एक दिवस फोर्टातून शिपाई आला आणि तपासणीला हवं म्हणून भागधारकांचं रजिस्टरच घेऊन गेला. टिपणीस आठवडाभर रिकाम्या कपाटासमोर बसून होते, तपकीर ओढायचीसुद्धा विसरायचे. रजिस्टर परत आलं. त्यांनी पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. त्यांच्या प्रत्येक फुलीशेजारी कोणीतरी निळ्या शाईचा बारीक ठिपका दिला होता. एक फुली सुटली नव्हती.

"मोजून घेतलंय," एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी मला आत बोलावून नोटीस टाइप करायला दिली. सेक्रेटरी म्हणजे कोणी परका नव्हे, गिरगावातलाच माणूस, आवाज मऊ, बोलणं गोड. नोटिशीत होतं, कंपनी गुंडाळण्याचा ठराव. दिवाळीआधी फोर्टात सभा. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भागधारकांचं रजिस्टर बंद. त्यानंतर सभा होईपर्यंत त्यात एकही नाव चढणार नाही. माझी बोटं मशीनवर थांबली. कारखाना गेला तर वडील या वयात कुठे जाणार, हा पहिला विचार माझ्या मनात आला, आणि तो माझ्या एकटीचा नव्हता.

शेडखाली त्या दुपारी कोणी डबा उघडला नाही. टिपणीस उभे राहून बोलले. "कंपनी गुंडाळायला रुपयात बारा आणे मतं लागतात. म्हणजे विरोधात चार आण्यांच्या वर एक पै पडली, की ठराव पडला. जागा विकता येत नाही, कारखाना राहतो."

"चार आणे आहेत आपल्याकडे?" सोनू जाधवने विचारलं. तो बाटल्या भरायच्या खात्यात होता.

"जास्त आहेत," टिपणीस म्हणाले. "पण ते देव्हाऱ्यात आहेत."

वडिलांनी बोटांवर दिवस मोजले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अगो, आता म्हाळ सुरू जातले. मगे नवरात्र. कोण देतलो कागद?"

त्यांनी म्हटलं तसंच झालं. टिपणीस रजा टाकून गिरगावात दारोदार फिरले. ऑफिस सुटल्यावर मी लालबाग आणि वरळी धरली. पितृपक्षात लोक म्हणाले, पितरांच्या पंधरवड्यात पितरांचंच नाव खोडायला सांगता, शोभतं का तुम्हाला? ते दिवस तसेच गेले. मग घट बसले. आता म्हणाले, देव घटी बसलेत, देव्हाऱ्यातलं काही हलवायचं नसतं, तुम्ही हिंदू आहात की कोण? दसऱ्याची पूजा झाली की स्वतः आणून देतो. टिपणीस सांगायचे, दसऱ्याला उपयोग नाही, आदल्या दिवशी हवं. लोक समजुतीने हसायचे. "एका दिवसाने काय होतंय, वामनराव?"

खरं म्हणजे आमच्या लोकांना कंपनी कळत नव्हती असं नाही. त्यांना ती माणसासारखी वाटत होती. घरोब्याची, पन्नास वर्षांच्या ओळखीची. दसऱ्याला देतो म्हटल्यावर ती थांबेल असं त्यांनी धरलं होतं.

मुगभाटातल्या एका चाळीत तर एक तरुण त्यांच्या अंगावर आला. आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला पोरगा. "इथे माणसांच्या छातीवर गोळ्या चालल्या आणि तुम्हाला शेअरची पडलीय? मुंबई हातात आली की कारखाना जातो कुठे?"

"मुंबई माणसं मोजून येईल," टिपणीस म्हणाले. "कारखाना राहील तो नावं मोजून. दोन्हीकडे लढावं लागतं बाबा."

"सभेला आम्ही शेकड्याने येऊ."

"या. खुर्च्या कमी पडतील. मतं नाही वाढणार."

लगेच हो म्हणाला तो एकटा सोनू जाधव. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत त्याच्या खोलीवर मी गेले. त्याचा बापही कारखान्यात होता, तो वारला तरी शेअर अजून त्याच्याच नावावर. दोन वर्षांपूर्वी घराने बौद्ध धर्म घेतला तेव्हा देव्हारा गेला आणि फ्रेम पत्र्याच्या पेटीत गेली. त्याने ती काढली, पाठीमागच्या टाचण्या स्वतः सोडवल्या आणि सर्टिफिकेट माझ्या हातात ठेवलं. "बापाला कंपनीत कधी बोलता आलं नाही, बाई. माझं नाव लावा म्हणजे मी बोलेन." शेजारच्या दोघा-तिघांनीही त्याचं बघून दिलं. गिरगावात तेवढं सोपं नव्हतं.

मधेच सेक्रेटरींनी टिपणीसांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"टिपणीस, नावं लिहिणं तुमचं काम. नावं गोळा करणं नव्हे."

 टिपणीस म्हणाले, "साहेब, रजिस्टर बंद करायची तारीख कोणी काढली? फोर्टातल्या लोकांना पितृपक्ष कळत नाही."

सेक्रेटरी हसले. "आमच्याकडेही देव घटी बसतात, वामनराव."

बाहेर आले तेव्हा टिपणीसांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला म्हणाले, "याच्याही घरी फ्रेम आहे. मी स्वतः पाहिली आहे." आपल्याच माणसाने आपल्या श्रद्धेचं माप घेऊन दोर कापावा, याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही, आणि पुष्कळ पाहिलंय.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून टिपणीस रजिस्टर उघडून बसले होते. कोणी जिना चढलं की मान वर करायचे. काहीजण आले. पोस्टमास्तर सर्टिफिकेट घेऊन आले. फणसवाडीतले भाऊ आले नाहीत. दुपारी टिपणीसांनी कागदावर हिशेब केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"किती?" मी विचारलं.

"साडेतीन आणे. थोडं वरच."

"आणि तुमच्या वडिलांचे धरले तर?"

"धरले तर होतं काम."

  त्यांनी टोपी घातली, छत्री न घेता बाहेर पडले. परळहून गिरगाव गाठून यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आतच जणू परत आले, असं मला वाटलं. हात रिकामे होते.

"नाही म्हणाल्या?"

"विचारलंच नाही." ते खुर्चीत बसले. "घटापुढे बसली होती. पोथी चालू होती. मी दारात उभा राहिलो, परबबाई. शंभर घरांत जे वाक्य बोललो ते तोंडातून फुटेना. तसाच फिरलो."

संध्याकाळी सेक्रेटरी आले, त्यांनी रजिस्टरात शेवटच्या नावाखाली रेघ ओढली आणि सही केली.

सभेच्या दिवशी फोर्टातल्या त्या हॉलखाली पोलीस उभे होते. मोर्चाच येतोय अशी खबर कोणीतरी दिली असणार. एका अर्थी मोर्चाच होता. गिरगावातली कुटुंबंच्या कुटुंबं आली होती, आणि प्रत्येकाच्या हातात देव्हाऱ्यातली फ्रेम. काहींवर दसऱ्याचा झेंडू तसाच, सुकलेला. सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय काही होत नाही, हे टिपणीसांनीच त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं. त्यातलं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

पुढच्या टेबलावर रजिस्टर होतं आणि त्याच्यामागे, सेक्रेटरींच्या हुकमाने, टिपणीस. शेजारी एजंटांचा सॉलिसिटर. एकेकाने टेबलापाशी यायचं, नाव सांगायचं, टिपणीसांनी रजिस्टर बघून बोलायचं आणि मग मताची चिठ्ठी मिळायची किंवा नाही. माझ्या वडिलांना मिळाली. सोनू जाधवला मिळाली, त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. मग गिरगाव सुरू झालं. म्हातारे, बायका, सुना, फ्रेम छातीशी धरून पुढे येत होते. टिपणीस नाव वाचायचे, पान उलटायचे, आणि मान खाली घालून मयताचा इंग्रजी शब्द म्हणायचे, "डिसीज्ड." सॉलिसिटर अदबीने खुर्चीकडे हात दाखवायचा. पुढचा. "डिसीज्ड." पुढचा. मुगभाटातला तो पोरगा एकदा ओरडला, मग त्याचाही आवाज बसला. हॉलमध्ये एवढी माणसं असून, टिपणीसांचा तो एकच शब्द ऐकू येत होता.

आणि मग सुनेचा हात धरून माई आल्या. फ्रेम पदराखाली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

टिपणीसांनी पाहिलं. पान उलटलं नाही. सॉलिसिटरने विचारलं, हे सभासद हजर आहेत का? टिपणीस फ्रेमकडेच बघत राहिले. सेक्रेटरी मागून पुढे वाकले आणि मऊ आवाजात म्हणाले, "वामनराव, सांगा ना."

टिपणीस उठून उभे राहिले. इंग्रजीतून त्यांना ते म्हणता आलं नाही.

"गेले," ते म्हणाले. "माझे वडील. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

माईंनी फ्रेम उचलली आणि चाचपडत खुर्चीवर जाऊन बसल्या.

ठराव पास झाला. थोडक्यात झाला, पण थोडक्याला कोण विचारतो. कारखान्याची जागा विकली गेली, वडिलांनी पुढची वर्षं चाळीच्या गॅलरीत बसून काढली. मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले, मनापासून वाटले. टिपणीस मला पुन्हा दिसले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे ते आहेत ते त्या हॉलच्या जिन्यावर.

लोक उतरून गेले होते. टिपणीस एका हाताने माईंना धरून एकेक पायरी उतरवत होते. मी दोन पायऱ्या मागे होते. मधल्या वळणावर माई दम खायला थांबल्या.

"रजिस्टर बंद व्हायचं होतं त्या दुपारी तू घरी आला होतास ना?" त्या म्हणाल्या. "दारात उभा राहिलास. मी पाऊल ओळखलं."

टिपणीस कठड्याला धरून उभे राहिले.

"मी पाठ असलेली पोथी मुद्दाम सावकाश म्हणत होते. म्हटलं, आता विचारेल. घटाची क्षमा मागेन आणि काढून देईन, असं ठरवलं होतं मी." त्यांनी फ्रेम दुसऱ्या हातात घेतली. "तू विचारलंच नाहीस, वामन."

मग त्या पुढची पायरी पायाने चाचपायला लागल्या, आणि टिपणीसांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली नेलं.